पऱ्हाटीवर धावलेली मोटार

माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची मोटार लाकडी कोळशावर चालते, असं मी पुण्यात सांगितलं तेव्हा शेजारच्या वहिनींनी फार काळजीनं विचारलं, "मग त्यांच्याकडे स्वयंपाक कशावर करतात हो?" मी तेव्हा पोट धरून हसले. सौसर-पांढुर्ण्याच्या मुलखात राहून आल्यावर वाटतं, निघण्याआधी मला जितके लोक भेटले त्यांत एवढा शहाणा प्रश्न दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता. झाड एकदाच जळतं. मोटारीत जळलं की ते चुलीला उरत नाही, आणि सावलीलाही नाही. हे मी शाळेत भूगोल शिकवते तरी माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

स्वराज्य येऊन दुसरा उन्हाळा तोंडावर आला होता. होळीच्या आधीचे दिवस.

नागपूरहून वर

नागपूरहून सौसरला जायला छोटी गाडी आहे. पुण्याच्या माणसाला ती खेळण्यातली वाटते, पण तिचं इंजिन कोळसा मात्र मोठ्या गाडीच्या ऐटीत खातं. खिडकीशी बसायचा माझा जन्माचा हट्ट. इंजिनातून उडालेली ठिणगी आत आली आणि माझ्या नव्या इरकली पातळाला पदराजवळच भोक पाडून गेली. समोरच्या बाईनं तळहातानं ती विझवली आणि मलाच बोल लावला.

"इंजन तिकडे आहे अन् तुम्ही तिकडेच तोंड करून बसून राहिल्या! पाठ करा ना जी तिकडे."

मी मुकाट्यानं पाठ केली. लोधीखेड्याला तिनं पिशवीतून संत्री काढली आणि निम्मी माझ्या ओटीत टाकली. आभार मानावेत म्हणून मी म्हणाले, "नागपुरी संत्र्यांची गोष्टच वेगळी!" झालं. अख्खा डबा माझ्यावर उलटला. कुणी हातातली विडी खाली ठेवली, कुणी झोपेतून उठला.

"नागपुरात काय संत्र्याचे झाडं आहेत का, बाई?" तिनं विचारलं. "झाडं आमचे, विहिरी आमच्या, बैलं आमचे. नागपूरचा निसता ठप्पा."

मी चूक कबूल केली तेव्हा कुठे विडी पुन्हा पेटली. आपल्याकडे गावाच्या नावावरून इतकं कुणी पेटत नाही, असं मी मनाशी म्हणणार होते, तेवढ्यात वाईची हळद आणि सांगलीची हळद यावरून आमच्या घरात झालेली भांडणं आठवली.

सौसर

स्टेशनवर कमल आली होती. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हा पुणेरी बोलायची. आता मला पाहताच म्हणाली, "ताई, किती वाळलीस गं! चल लवकर, मी वडाभात करून राहिले." करून राहिले! मी तिला चिडवलं, तर तिला कळेचना की आपण काय वेगळं बोललो. वडाभात मात्र असा झाला होता, की मी चिडवणं आवरतं घेतलं. गरम भातावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची, सुक्या मिरच्यांची तेलाची फोडणी ओतायची. पुण्यात इतकं तेल कुणी वाढलं तर त्याला वैरी समजतील.

वसंतराव, म्हणजे कमलचे यजमान, उंच, सडपातळ, आणि एरवी बेतानं बोलणारे. मोटारीचा विषय निघाला की मात्र त्यांना आवर नाही. सौसर ते पांढुर्णा ही त्यांची एकच मोटार. तीच दुकान, तीच शेत, तीच चूल. ते स्वतः चालवतात आणि शेषराव नावाचे त्यांच्याहून वयानं मोठे क्लीनर मागचा बंब सांभाळतात. बंबच म्हणायचा, कारण आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचा थोरला भाऊ दिसावा असं ते लोखंडी पिंप मोटारीच्या पाठीला बांधलेलं आहे. त्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, शेषरावांनी हातानं पंखा फिरवायचा, आणि त्यातून निघालेला गॅस नळीनं इंजिनात जायचा. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा हे बसवलं. लढाई संपली, इंग्रज गेले, पण परवान्यावर मिळणारं पेट्रोल अजूनही औषधाइतकंच मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो तर ओसरीवर चार मंडळी जमली होती आणि भाषेवार प्रांत झाले तर नागपूर कुठे जाईल आणि सौसर कुठे राहील यावर जोरात बोलणं चाललं होतं. मी वसंतरावांचं मत विचारलं. ते म्हणाले, "ताई, कोण्याही प्रांतात टाका, चढ तोच राहणार अन् मोटार मलाच चढवावी लागणार." मंडळी हसली. वसंतराव हसले नाहीत, म्हणून मी कमलला आत गाठलं.

कमलनं सांगितलं ते असं. मोटारीला लागणारा कोळसा पांढुर्ण्याचे एक ठेकेदार पुरवत. लढाईच्या वर्षांत त्यांच्या भट्ट्यांनी सडकेच्या कडेच्या टेकड्या एकामागून एक बोडक्या केल्या. मोटारी वाढल्या, कोळसा वाढला, टेकड्या संपल्या. आता उरली होती धावडाखापा गावाची टेकडी. तिच्यावर धावड्याची दाट झाडी, आणि धावड्याचा कोळसा म्हणजे मोटारीचं साजूक तूप. टेकडी मालगुजाराची, म्हणजे इकडच्या जमीनदाराची, पण सरपण, चारा आणि नांगरापुरतं लाकूड घ्यायचा गावाचा हक्क तिच्यावर होता. गावानं हो म्हटल्याशिवाय तिथे कुऱ्हाड लावता येत नव्हती. धावडाखाप्याचे लोक वसंतरावांना घरच्यासारखं मानतात हे ठेकेदारांना ठाऊक होतं. ते म्हणाले होते, गावाकडून हो आणा, वर्षभर कोळशाची चिंता करू नका. नाही आणलात तर माझ्याकडे द्यायला कोळसा नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आज संध्याकाळी जाऊन राहिले ते विचारायला. उद्या सकाळी त्या गावची संत्री भरून पांढुर्ण्याला न्यायची आहेत. बंबात कोळसा तेवढ्यापुरताच आहे, तोही कसाबसा." कमलनं पदराला हात पुसले. "ताई, मोटार थांबली तर आमचं काय होईल गं?"

मला दोन्ही बाजू पटत होत्या, आणि असं झालं की मी चिडते. मी म्हटलं, मीही जाते त्यांच्याबरोबर.

धावडाखापा

सौसर सोडलं की सडक लाटेसारखी वर-खाली जाते. जामसावळीला मोटार थांबवून सगळ्यांनी निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं. आपल्याकडचे मारुती उभे, शेंदूर फासलेले, कुणावर तरी उगारलेले. हा आडवा झालेला पाहून मला फार बरं वाटलं. देवालाही कधी पाठ टेकावीशी वाटते.

पुढे त्या बोडक्या टेकड्या लागल्या. मुरूम उघडा पडलेला, पावसानं पाडलेल्या घळी, आणि मध्ये मध्ये जुन्या भट्ट्यांचे काळे गोल डाग. पायथ्याशी संत्र्यांचे बगीचे होते असं शेषराव म्हणाले. होते. आता वाळकी खोडं उभी होती. डोंगर उघडा झाला, पाणी मुरेना, विहिरी दिवाळीलाच तळ दाखवू लागल्या. वसंतराव हे सगळं ऐकत होते आणि समोरच्या सडकेवरून नजर काढत नव्हते.

मग एका वळणावर धावडाखाप्याची टेकडी दिसली. पांढुरक्या खोडांची झाडं खालपासून माथ्यापर्यंत, पानं तांबूस होऊन गळायला आलेली, आणि कडेनं पळस फुललेला. खाली बगीचे इतके हिरवे की काळे वाटावेत. विहिरीविहिरीवर मोटा चाललेल्या, चाकांचा कुईकुई आवाज सडकेपर्यंत येत होता. मी डोळे भरून पाहिलं. एवढं सगळं त्या टेकडीनं पोटात साठवलेल्या पाण्यावर उभं आहे, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गावचे पटेल धोंडबाजी वेशीवरच भेटले. साठी उलटलेले, काटक, डोळ्यांत मिस्कीलपणा.

"पुण्याच्या म्हणता? मंग आमचं बोलणं तुमाले गोड नाही लागणार."

"लागेल की. न लागायला काय झालं?"

"मंग पहिले जेवा. जेवल्यावर सगळ्याईचंच बोलणं गोड लागते."

अंगणात गोवऱ्यांचा आर करून त्यात रोडगे लावले होते. कणकेचे मोठे गोळे निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. धोंडबाजींच्या पत्नी गंगूबाई वाढत होत्या. मी त्यांना सरपणाचं विचारलं. त्यांनी परसात रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. कापूस वेचून झाला की उपटलेली झाडं म्हणजे पऱ्हाटी. इकडच्या प्रत्येक घराच्या मागे असा एक डोंगर असतो.

"टेकडीवरचं ओलं झाड आम्ही चुलीसाठी नाही तोडत, माय. पऱ्हाटी आहे ना! पऱ्हाटीवर होत नाही असं जगात काहीच नाही." हे त्या अशा खात्रीनं म्हणाल्या, की मी आणखी एक रोडगा घेतला.

दिवेलागणीला पटेलांच्या ओट्यावर गाव जमलं. वसंतरावांनी काही लपवलं नाही, याचा मला आजही आनंद वाटतो. ठेकेदार काय म्हणाले, आपल्याला त्यात काय मिळणार, सगळं स्पष्ट सांगितलं.

"काका, मी दोन्हीकडून बांधलो गेलो," ते म्हणाले. "कोळसा नाही तर मोटार नाही. मोटार नाही तर तुमची संत्री पांढुर्ण्याच्या स्टेशनावर कशी जाणार? छकड्यात नेली तर अर्धी ठेचली जातात."

"खरं आहे त्याचं," रामराव नावाचा एक तरुण शेतकरी म्हणाला. दिल्लीला जाणारा मालडबा यंदा त्यानंच खटपट करून गावासाठी मिळवला होता. आजवर व्यापारी बागेतच माल उचलत आणि पेट्यांवर नागपूरचा ठप्पा मारत. या वर्षी प्रथमच पेट्यांवर गावाचं आणि सौसरचं नाव घालून माल जाणार होता. उद्या संध्याकाळी डबा लागणार होता. तो रिकामा गेला असता तर पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

"टेकडी गेली तर संत्रंच राहत नाही," धोंडबाजी म्हणाले. "मंग मोटारीत काय भरशील वसंता, गोटे?"

कुणी म्हणालं, वर परासियाला दगडी कोळसा ढिगानं आहे. शेषराव पूर्वी तिकडे खाणीत होते. ते म्हणाले, तो कोळसा या बंबात चालत नाही, नळ्या तुंबतात. आणि तिथलं काय सांगू, नाल्याचं पाणी काळं, गाई तोंड लावत नाहीत, अन् मातीचे ढीग आतल्या आत धुमसत राहतात. मग कुणीतरी विजेचं नाव काढलं. वीज आली की कोळसाही नको अन् बैलही नको. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली, कारण घरात विजेचा दिवा असलेली त्या ओट्यावर मी एकटीच.

मी सांगितलं ते खरं तेवढंच सांगितलं. "बटण दाबलं की दिवा लागतो, धूर नाही, काजळी नाही. फार सोय आहे. पण त्या विजेसाठी घाटमाथ्यावर पाणी अडवलं, त्यात माझ्या आत्याचं गाव बुडालं. भाताची खाचरं, देऊळ, सगळं. दिवे मुंबईला लागले, मग पुण्याला. आत्याकडे अजून कंदील आहे."

गंगूबाई दारातून म्हणाल्या, "म्हणजे कोणाचं ना कोणाचं काही तरी जातेच."

"जातंच," मी म्हटलं. "पण माझ्या आत्याला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारतायत. तेवढं नशीब समजा आणि नीट विचार करून सांगा."

मी जरा जोरातच बोलले असेन. मग धोंडबाजींनी एकेकाकडे पाहून विचारलं आणि एकेकानं उत्तर दिलं. नाही जी. नाही. रामरावाची पाळी आली. डब्यासाठी त्यानंच तर सगळं केलं होतं. मग तोही म्हणाला, "नाही, काका. टेकडी नको." वसंतरावांनी मान हलवली आणि पाणी प्यायले. कुणावर रागावले नाहीत. त्यांची मोटार त्या ओट्यावर बुडाली होती हे मात्र सगळ्यांना कळत होतं.

चढ

सकाळी पेट्या चढल्या. शाळेच्या मास्तरांनी काळ्या रंगानं प्रत्येकीवर 'धावडाखापा, सौसर' असं ठसठशीत लिहिलं होतं. लिहिलेलं पाहायला बायका, म्हातारे, सगळे आले. कित्येकांना वाचता येत नव्हतं, तेही अक्षरांवरून बोट फिरवून जात होते.

शेषरावांनी बंब उघडून पाहिला आणि म्हणाले, मोटार भरून झाली, आता हा कोळसा पुरत नाही. चढाच्या अलीकडेच संपेल. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कापसाच्या मुलखातल्या माणसांना अशा वेळी जे सुचेल तेच सुचलं.

"पऱ्हाटी टाका ना!" कुणी म्हणालं.

कुणाला शंकासुद्धा आली नाही. जिच्यावर भाकरी होते, आंघोळीचं पाणी तापतं, बाळंतिणीची शेगडी पेटते, ती मोटारीला का चालणार नाही? मलाही आली नाही. आदल्या दिवशीचे रोडगे माझ्या पोटात होते. घरोघरच्या बायका भारे घेऊन धावल्या. शेषरावांनी काड्या मोडून मोडून बंब ठासून भरला. पंखा फिरला, धुराचा लोट निघाला, वसंतरावांनी दात-ओठ खाऊन हँडल मारलं, आणि मोटार सुरू झाली!

असा जल्लोष मी पंधरा ऑगस्टलासुद्धा ऐकला नव्हता. टोप्या उडाल्या. धूर काय वर्णावा, मागचं गाव दिसेना, पण मोटार पळत होती. पेट्यांवर बसलेले चौघे ओरडत होते, "पऱ्हाटीवर! आपल्या पऱ्हाटीवर!" शेतातली माणसं वखर सोडून सडकेवर आली. वसंतरावांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच हसू पाहिलं. ते मला म्हणाले, "ताई, ठेकेदाराची गरजच नाही आपल्याला!"

चढाच्या मध्यावर मोटारीनं दोन शिंका दिल्या, अंग झटकलं आणि ती मेली.

इंजिन उघडलं तर आत सगळी काळी चिकट राळ. पऱ्हाटीचा आधी खड्ड्यात कोळसा करायला हवा होता, कच्ची जाळली की असा डिंक सुटतो, हे मग सगळ्यांना एकदम सुचलं. (तो खटाटोप आता गावात चालू आहे असं कमल कळवते, यश येवो.) त्या क्षणी मात्र वसंतराव काळे हात घेऊन सडकेच्या कडेला बसले. वर ऊन, पेट्यांत संत्री, आणि संध्याकाळी डबा सुटणार.

मागून धोंडबाजी आपल्या दमणीतून आले. बैल थांबवून त्यांनी मोटारीकडे पाहिलं, वसंतरावांकडे पाहिलं.

"रामराव, गावात जा. विहिरीवरचे बैलं सोडा, अन् मोटांचे नाडे उतरवून आणा."

"काका," रामराव म्हणाला, "आज बगीच्याची पाण्याची पाळी आहे. आंबिया बहाराचं फळ आता कुठे मुगाएवढं धरून राहिलं. पाणी चुकलं तर गळते ते."

"गळन तेवढं गळन. हे पिकलेलं आहे. याच्यावर आपलं नाव आहे. याले जाऊ दे."

मला तेव्हा समजलं की बैलाचं बळसुद्धा फुकट नसतं. ते इथे वापरायचं तर तिथे कमी पडतं. फरक एवढाच, की ते गावाचं होतं आणि गाव आपणहून देत होतं. थोड्याच वेळात बैल आले, जोडीमागून जोडी, प्रत्येक विहिरीवरची. ज्यांची एकही पेटी मोटारीत नव्हती त्यांच्याही जोड्या आल्या. मोटेचे जाड नाडे मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधले. "होऽ" अशी हाळी झाली, नाडे ताठ झाले, बैलांनी माना खाली घातल्या आणि ती अवजड मोटार चढ चढू लागली. मी पायी चालत होते. मी धापा टाकत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुराचं नव्हतं.

माथ्यावर पोचलो तेव्हा खरी परीक्षा होती. उतारावर मोटार बैलांच्या अंगावर जाईल, ही भीती सगळ्यांना. वसंतराव पुढे आले, हात मातीनं घासले आणि स्टिअरिंगवर बसले. नाडे मागच्या बाजूला बांधून निम्मे बैल मागे जुंपले, ओढून धरायला. उरलेलं काम ब्रेकचं. तो सगळा उतार त्यांनी मोटार अशी आणली, की आतलं एक संत्रं घरंगळलं नाही. खाली आल्यावर धोंडबाजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

पांढुर्णा

पांढुर्ण्यात शिरलो तेव्हा बाजाराचा दिवस नसूनही बाजार भरला. पोरं मोटारीच्या दोन्ही बाजूंनी पळायला लागली, दुकानदार गाद्यांवरून उठून पायऱ्यांवर आले.

"काय जी वसंतराव, कोणच्या कंपनीची मोटार घेतली?"

"घरच्या कंपनीची," धोंडबाजींनी दमणीतूनच उत्तर दिलं. "पेट्रोल लागत नाही, कडबा लागते."

हसण्याचा लोट उठला, पण आता तो आमच्या बाजूनं होता. जांब नदी ओलांडून आम्ही स्टेशनच्या मालधक्क्यावर आलो. डबा उभा होता. बैल सोडायच्या आत माणसांची रांग लागली आणि पेट्या हातोहात आत गेल्या. दुकानदारांपैकीही दोघे-चौघे धोतर खोचून रांगेत शिरले. हमालांचा मुकादम प्रत्येक पेटीवरचं नाव मोठ्यानं वाचत होता, आणि धावडाखाप्याची माणसं प्रत्येक वेळी, जणू हजेरीच चालली आहे, "हो जी!" म्हणत होती. डब्याचं दार ओढलं गेलं तेव्हा रामराव एकदम खाली बसला आणि रडायला लागला. कुणी त्याला हसलं नाही. मला तर त्या मुलखाचा इतका अभिमान वाटला की जसं काही माझंच नाव दिल्लीला निघालं होतं.

तेवढ्यात ठेकेदार आले. मी मनात एक राकट माणूस रंगवला होता. आले ते पांढऱ्या स्वच्छ कोटातले, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला नमस्कार केला, बैलांचं कौतुक केलं, धोंडबाजींची विचारपूस केली. मग वसंतरावांना म्हणाले, "झालं ते छान झालं. पण रोज का बैल येणार आहेत? माझ्या वखारीत पोती भरून ठेवली आहेत. इंजिन साफ करायला माणूसही देतो. गावानं काय म्हटलं?"

धोंडबाजी बैलाच्या गळ्यातला पट्टा सारखा करण्यात गुंतले. एकानंही वसंतरावांकडे पाहिलं नाही. तुमच्यासाठी एवढं केलं, आता तुम्ही आमची बाजू घ्या, असं म्हणायला गावकऱ्यांना पुरेपूर जागा होती. ते म्हणाले नाहीत.

वसंतराव म्हणाले, "गाव नाही म्हणाले."

"गाव आज नाही म्हणते, उद्या हो म्हणते. तुम्ही एकदा आणखी बोला. तुमचं ऐकतात ते."

"ऐकतात," वसंतराव म्हणाले, "म्हणूनच नाही बोलणार."

ठेकेदारांनी मोटारीकडे बोट केलं. "मोटार उभी राहील, वसंतराव."

"राहू द्या."

एवढंच ते बोलले. मग त्यांनी मोटारीच्या दाराला कुलूप लावलं, शेषरावांना तिच्याजवळ थांबायला सांगितलं आणि दमणीकडे आले. तोवर ते मोटारीचे मालक म्हणूनच मला माहीत होते. आता कपड्यांवर काळे डाग, हाताला राळ, आणि घरी जाऊन कमलला काय सांगायचं हा प्रश्न. मी तिथेच, सगळ्यांदेखत त्यांना म्हटलं, "वसंतराव, माझ्या बहिणीचं नशीब थोर आहे." ते इतके लाजले की मला पुढचं बोलताच येईना.

धोंडबाजी पुढच्या बाजूला सरकले, त्यांना जागा करून दिली आणि कासरा त्यांच्या हातात ठेवला. वसंतरावांना बैल हाकता येत नव्हते. बैलांना मात्र घराची वाट ठाऊक होती.